ठिणगी आणि सांधा : लहान विमान-एंजिनांच्या निगेचा इतिहास

भारतीय विमानविद्येचा इतिहास बहुधा उड्डाणांच्या व कारखान्यांच्या तारखांनी सांगितला जातो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. १९५१ साली एचटी-२ हे विमान प्रथम उडाले. या तारखा खऱ्या आहेत. परंतु त्यांच्या मधल्या वर्षांत विमाने उडत राहिली ती कोणाच्या बळावर, या प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडत नाही. टाटांच्या पुसमॉथचे एंजिन परदेशी होते आणि एचटी-२ चेही परदेशीच होते. एंजिनाचे जे ज्ञान या देशात आरंभी रुजले ते ते घडविण्यातून नव्हे, तर त्याची निगा राखण्यातून. आणि त्या निगेचा बराच भाग दोन क्षुद्र वस्तूंभोवती फिरतो : ठिणगी पाडणारा प्लग आणि सांधा बंद करणारे गॅस्केट.

बंगलोरच्या कारखान्याचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांच्या जन्मापूर्वीच, १८७७ मध्ये, तेथे पहिली कापडगिरणी चालू झाली होती. लोक तिला पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. वालचंदांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत ठेकेदारीचा आरंभ केला तो बार्शी लाइट रेल्वेच्या कामावर. गिरणी असो वा आगगाडी, चालक शक्ती वाफेची होती. आणि वाफेचे यंत्र म्हणजे सांध्यांतून निसटू पाहणाऱ्या दाबाशी अखंड झुंज. दट्ट्याचा दांडा जेथे सिलिंडरबाहेर येतो तेथे भरावयाच्या तागाच्या वा सुताच्या वेटोळ्यास ‘पॅकिंग’ म्हणत. मराठी कारागीर मोटारीच्या गॅस्केटलाही ‘पॅकिंग’ म्हणतो, त्यात वाफेच्या युगाचीच स्मृती टिकून आहे. खुद्द ‘गॅस्केट’ या शब्दाचा प्रवासही असाच आहे. इंग्रजीत तो प्रथम गुंडाळलेले शीड बांधण्याच्या दोरीस लावीत. पुढे वेणीसारखा विणलेला ताग वाफेच्या यंत्रात वापरात आला तेव्हा तेच नाव त्यास मिळाले. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेऊन जहाजांकडे आणि १९४० मध्ये विमानांकडे वळलेल्या वालचंदांच्या उद्योगाचा मार्ग आणि या शब्दाचा मार्ग यांतील साम्य योगायोगाचे खरे, पण उद्बोधक आहे.

विमानाच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात व त्यांना दोन स्वतंत्र मॅग्नेटो ठिणगी पुरवितात. चार सिलिंडरांच्या लहान एंजिनात असे आठ प्लग होतात. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती उतरतात ते पाहतो; घट ठरीव मर्यादेबाहेर गेल्यास संशय प्रथम प्लगावर येतो. पेट्रोलात मिसळलेल्या शिशाचे कण व तेलाची काजळी प्लगाच्या टोकाशी साचून ठिणगीस भलतीकडे वाट देतात. पुसमॉथच्या जिप्सी एंजिनात सिलिंडर उलटे टांगलेले असल्याने तेल झिरपून प्लगाकडेच उतरे. समोरासमोर आडव्या बसविलेल्या सिलिंडरांत खालचे प्लग अधिक मळतात. ठिणगीची फट सामान्यतः अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास राखावी लागते. शिवाय मॅग्नेटोच्या ठिणगीची विद्युत्-दिशा एकाआड एक पालटत असल्याने काही प्लगांचा मधला ध्रुव झिजतो, तर काहींचा कडेचा. म्हणून तपासणीच्या वेळी त्यांच्या जागा क्रमाने बदलतात. हातून खाली पडलेला प्लग पुन्हा बसवीत नाहीत, कारण त्याच्या चिनी मातीच्या आवरणाला गेलेली चीर डोळ्यांना दिसतेच असे नाही. पूर्वी या आवरणाच्या ठिकाणी अभ्रक वापरीत; त्या अभ्रकाच्या जागतिक व्यापारात हिंदुस्थान अग्रेसर होता. कच्चा माल येथला आणि प्लग विलायती, अशी ती स्थिती होती.

प्लगाखालची तांब्याची चकती, कारागिरांच्या बोलीतील ‘वायसर’, दोन कामे करते. ती वायूचा दाब अडविते आणि प्लगाची उष्णता सिलिंडरच्या शिराकडे पोहोचविते. एकदा दाबले गेलेले तांबे कठीण होते. म्हणून चकती नवी घालावी किंवा जुनी लालसर तापवून, पाण्यात विझवून पुन्हा मऊ करावी, असा नियम आहे. कॉन्टिनेन्टल एंजिनांत प्लग २५ ते ३० फूट-पौंड बळाने आवळतात. कमी आवळल्यास सांधा गळतो व प्लग तापतो. जास्त आवळल्यास आटे जातात. हे प्रमाण पुस्तकात छापलेले असते. पण आटा खरडत आहे की सरळ चालला आहे हे हातालाच कळते.

हे हात मोठ्या संख्येने तयार झाले ते युद्धकाळात. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले. १९४३ मध्ये कारखान्याची व्यवस्था अमेरिकी हवाई दलाकडे गेली आणि नवी विमाने बांधण्याचे काम मागे पडून दुरुस्ती हेच मुख्य कार्य झाले. वालचंदांच्या स्वप्नाच्या दृष्टीने हा पराभव मानला जातो. परंतु डाकोटाच्या एका एंजिनात १४ सिलिंडर व २८ प्लग असत, हे ध्यानी घेतले म्हणजे या ‘दुय्यम’ कामातून केवढा सराव घडला असेल याची कल्पना येते. युद्धानंतर कानपूर येथे मोडीत पडलेली लिबरेटर विमाने याच कारखान्याने पुन्हा उडती केली. त्यांतील प्रत्येकाच्या चार एंजिनांत मिळून ११२ प्लग होते.

कोल्हापूरकडील हसूरचे विष्णु माधव घाटगे यांनी एचटी-२ ची रचना केली ती अशा कारखान्यात. त्या विमानात १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर एंजिन होते, तर फ्लाइंग क्लबांसाठी १९५८ मध्ये तयार झालेल्या पुष्पकमध्ये ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेन्टल. घाटग्यांचे नाव इतिहासात आले, ते योग्यच झाले. पण बदललेला प्रत्येक प्लग एंजिनाच्या नोंदवहीत लिहिला जातो व त्याखाली परवानाधारक अभियंत्याची सही असते. ती नोंद इंग्रजीत, आणि ज्या बोलीत ते काम शिकविले गेले ती बोली कागदावर नाही. नोंदवह्या एंजिनांबरोबर मोडीत जातात, बोली माणसांबरोबर. दोन्ही गेल्यावर तारखा तेवढ्या उरतील आणि एक देश परक्या एंजिनांवर कसा उडू शकला, हे कोणत्याही तारखेवरून सांगता येणार नाही.