धरणाचा आलेख कसा वाचावा?

पावसाळ्यात कोयना धरणाच्या पाणीसाठ्याचे आकडे रोज प्रसिद्ध होतात. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. आडव्या अक्षावर दिनांक आणि उभ्या अक्षावर साठा घेतला, की आलेख तयार होतो. १ जूनचा बिंदू म्हणजे गतवर्षाची शिल्लक. त्यापुढील चढ पावसाचे प्रमाण दर्शवितो, हा समज अपुरा आहे. चढ दर्शवितो तो आवक आणि विसर्ग यांतील फरक. दिवसभरात साठा १ टीएमसीने वाढला, तर आवक विसर्गापेक्षा सरासरी सुमारे ११,५७४ क्युसेकने अधिक होती, असा हिशेब निघतो.

खरी गफलत होते ती माथ्याशी. रेषा आडवी झाली, की पाऊस ओसरला असे वाटण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात आवक व विसर्ग समान झालेले असतात, एवढेच. धरण जवळजवळ भरलेले असेल, तर येईल तेवढे पाणी नदीत सोडावे लागते आणि ते कऱ्हाडजवळ कृष्णेला मिळते. सांगलीने २००५ आणि २०१९ मध्ये महापूर अनुभवला आहे. तेव्हा आलेखाची रेषा शांत दिसत असतानाच नदीकाठच्या रहिवाशांनी विसर्गाचा आकडा पाहावा. पावसाळ्यानंतरचा संथ उतार सिंचनाचा व वीजनिर्मितीचा. विजेसाठीचे बरेचसे पाणी मात्र पश्चिमेकडे कोकणात उतरते.