चोवीस सेकंद

न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज नावाचं एक शहर आहे, भरपूर बर्फासाठी प्रसिद्ध. बाबा इकडे आले होते तेव्हा नायगाराला जाताना (आपल्या आईवडिलांची अमेरिकेतली पंढरी!) वाटेत तिथे थांबलो. जेवून आर्मरी स्क्वेअर भागात पाय मोकळे करत होतो, तर समोर एक घड्याळ. 24, 23, 22... शून्य. पुन्हा 24. बाबांनी दोन-तीन फेऱ्या नीट बघितल्या आणि म्हणाले, "बिघडलंय का रे हे? वेळ तर दाखवतच नाही."

बिघडलेलं नव्हतं. ते 2005 साली उभारलेलं स्मारक आहे, एका नियमाचं. माझा आवडता विषय निघाल्यावर मी थोडाच गप्प बसतोय! बाबांना सांगितली तीच गोष्ट इथे सांगतो.

1950 च्या सुमारास एनबीए म्हणजे अगदी रडतखडत चाललेला कारभार होता. कारण साधं होतं. एकदा आघाडी मिळाली की चेंडू आपल्याकडेच ठेवून वेळ काढायचा, त्याला बंदी नव्हती. 22 नोव्हेंबर 1950 ला फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनिआपोलिस लेकर्सना हरवलं ते 19-18 असं! दोघांचे मिळून 37 गुण, अख्ख्या सामन्यात. समोरच्याने वेळ काढायला सुरुवात केली की दुसऱ्यांकडे एकच उपाय, फाउल करणे. मग फ्री थ्रोंची रांग. 1953 च्या प्लेऑफमध्ये बॉस्टनच्या बॉब कूझीने सिरॅक्यूजविरुद्ध 50 गुण केले, त्यातले 30 नुसते फ्री थ्रोचे. असलं बघायला पैसे मोजून कोण येणार?

सिरॅक्यूज नॅशनल्सचा मालक होता डॅनी बियासोन. इटलीत जन्मलेला, लहानपणी इकडे आलेला, आणि धंदा बोलिंग अ‍ॅलीचा (क्रिकेटचं बोलिंग नव्हे, पिना पाडायचं). त्याने आणि त्याच्या संघाच्या लिओ फेरिसने हिशेब मांडला. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंद. चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 वेळा बास्केटकडे चेंडू टाकतात. 2880 भागिले 120, उत्तर 24. चौथीतल्या मुलाने केला असता असा भागाकार! चेंडू हातात आला की 24 सेकंदांत टाका, नाहीतर समोरच्याला द्या.

1954-55 च्या हंगामात हा नियम आला. त्याच्या जोडीला फाउलवरही मर्यादा घातली. आदल्या हंगामात एका संघाचे सामन्यामागे सरासरी 79.5 गुण व्हायचे, ते 93.1 झाले. पण नियम आला म्हणून सगळे तरले असं नाही. बाल्टिमोर बुलेट्सनी 14 सामने खेळून नोव्हेंबरमध्येच गाशा गुंडाळला.

अंतिम फेरीत आले कोण? सिरॅक्यूज आणि 19-18 वाले फोर्ट वेन! सातव्या सामन्यात फोर्ट वेन 41-24 असं पुढे होतं. जुने दिवस असते तर चेंडू धरून बसले असते आणि संपलं असतं. पण आता दर 24 सेकंदांनी टाकणं भाग होतं. सिरॅक्यूजने हळूहळू गाठलं. शेवटी जॉर्ज किंगने फ्री थ्रो टाकला, मग लगेच समोरच्याच्या हातचा चेंडू पळवला. 92-91. त्या संघातले अर्ल लॉइड आणि जिम टकर हे एनबीए विजेतेपद मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू.

आणि पुढे? खेळ वेगवान झाला, लोक यायला लागले, पैसा आला, आणि लीग मोठ्या शहरांची झाली. 1963 मध्ये संघ विकला गेला आणि फिलाडेल्फियाला गेला. ज्या शहराने घड्याळ दिलं, त्याच्याकडे संघच उरला नाही. बियासोन 1992 मध्ये गेला, हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं ते 2000 साली.

बाबा सगळं ऐकून म्हणाले, "आम्ही हुतूतू खेळायचो तेव्हा कुठलं घड्याळ! दम सुटला की बाद. ज्याचा त्याचा श्वास हेच घड्याळ."

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. कबड्डीला चढाईचा वेळ मोजायला बियासोन लागला नाही, माणसाच्या फुप्फुसानेच तो ठरवला होता.

मग गाडीत बसल्यावर एकदम म्हणाले, "तुझं परत यायचं काय ठरलं?"

मंडळी, गेली बारा वर्षं मी ह्या प्रश्नावर "बघू" म्हणतोय. मुलीची शाळा, घराचं कर्ज, अजून एक वर्ष... आघाडीवर असल्यासारखा चेंडू धरून उभा आहे. बाबा तेव्हा 74 वर्षांचे होते. जिना चढताना मधेच थांबतात, आणि आपण थांबलोय हे कळू नये म्हणून भिंतीवरचे फोटो बघतात.

"बघू," मी म्हणालो. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले.

गाडी हायवेला लागेपर्यंत मी मनातल्या मनात उलटे आकडे मोजत होतो.