मेट्सगर, लुडविग

मेट्सगर, लुडविग : (18 मार्च 1902 – 13 जानेवारी 1993). जर्मन वकील, सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचे डार्मश्टाटचे पहिले महापौर. जन्म डार्मश्टाटचा, मृत्यूही तिथलाच. ‘मेट्सगर’ म्हणजे खाटीक. आपल्याकडच्या सुतार, सोनार, तेली यांसारखेच हे धंद्यावरून पडलेले आडनाव आहे. डार्मश्टाटकरांच्या मनात मात्र ते तीन पिढ्या वकिली आणि नगरकारभार यांच्याशी जोडलेले आहे.

मेट्सगर जन्मले तेव्हा डार्मश्टाट ही हेसेनच्या ग्रँड ड्यूकची राजधानी होती. कलेचा शौकीन असलेल्या एर्न्स्ट लुडविग या ड्यूकने 1899 मध्ये माथिल्डेनह्योहे या टेकडीवर कलावंतांची वसाहत वसवली होती. 1918 मध्ये राजेशाही गेली आणि हेसेन प्रजासत्ताक राज्य झाले. तेव्हा मेट्सगर सोळा वर्षांचे होते. कायद्याचे शिक्षण घेऊन ते राज्याच्या प्रशासकीय सेवेत शिरले. राजकारणात ते समाजवादी आणि धर्माने श्रद्धावान प्रॉटेस्टंट. हा मेळ त्या काळी दुर्मीळ होता. चर्चमध्ये जाणाऱ्या मध्यमवर्गाला लाल झेंडा नास्तिकांचा वाटे, तर कामगारांना चर्च मालकांचे वाटे. धार्मिक समाजवाद्यांच्या संघटनेत काम करताना मेट्सगर यांनी हे दोन्ही आरोप सोसले आणि दोन्ही घरे सांभाळली. त्यांच्या पुढच्या आयुष्याचे मूळ याच हट्टात आहे.

1933 मध्ये हिटलरची राजवट आली आणि समाजवादी म्हणून मेट्सगर यांची नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी वकिली केली. नाझींपुढे मान न तुकवणाऱ्या ‘बेकेनेन्डे किर्खं’ या प्रॉटेस्टंट गटाशीही ते जोडलेले राहिले. त्या बारा वर्षांत विरोधी मताचा माणूस असणे म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून कळते. हेसेनचे माजी गृहमंत्री आणि कामगार पुढारी विल्हेल्म लॉयश्नर यांना 29 सप्टेंबर 1944 रोजी बर्लिनच्या प्ल्योट्सेनझे तुरुंगात फाशी देण्यात आली.

त्याच महिन्यात शहरही गेले. 11 सप्टेंबर 1944 च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाच्या दोनशेहून अधिक विमानांनी डार्मश्टाटवर बॉम्ब आणि आगलावी अस्त्रे टाकली. एक लाखाहून थोड्या अधिक वस्तीच्या या गावात एका रात्रीत अकरा ते बारा हजार माणसे मेली आणि सुमारे सहासष्ट हजार बेघर झाली. आगीचे असे वादळ उठले की तळघरांत लपलेली कुटुंबेच्या कुटुंबे गुदमरून गेली. जुने गाव जवळजवळ पुसले गेले. डार्मश्टाटकर त्या रात्रीला ‘ब्रांटनाख्ट’, म्हणजे आगीची रात्र म्हणतात आणि दरवर्षी तिचे स्मरण करतात.

25 मार्च 1945 रोजी अमेरिकन सैन्य शहरात आले आणि त्यांनी महापौरपदी मेट्सगर यांना नेमले. हेसेनचा ‘ओबरब्युर्गरमाइस्टर’ आपल्याकडच्या महापौरासारखा केवळ मानाचा नसतो, प्रशासनाची सूत्रेही त्याच्याच हाती असतात. आपल्याकडचे महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत बसावेत, तसे हे पद. लष्कराने नेमलेल्या माणसाला निवडणुका सुरू झाल्यावरही लोकप्रतिनिधींनी पदावर ठेवले आणि 1950 अखेरपर्यंत ते महापौर होते. राडारोडा, रेशन, कोळसा, छप्पर आणि पूर्वेकडून येणारे निर्वासितांचे लोंढे, असा रोजचा कारभार होता. त्यात आणखी एक घाव बसला. ऑक्टोबर 1945 मध्ये नव्या हेसेन राज्याची राजधानी वीसबाडेनला गेली. ज्या गावाची चूल शतकभर सरकारी कचेऱ्यांवर पेटत होती, त्या गावाच्या घरांबरोबर पोटाची सोयही गेली. यावर मेट्सगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धूर न सोडणारे उद्योग गावात आणण्याचे धोरण धरले. मुद्रक आणि प्रकाशक यांना बोलावून जागा दिल्या. पुढे शहराच्या एका भागाला ‘फेरलाग्सफियर्टल’, म्हणजे प्रकाशकांची पेठ, हे नाव पडले.

मेट्सगर यांचे खरे मोठेपण मात्र याच्याही पुढे आहे. आधी घरे, मग पुस्तके आणि गाणे, असा हिशेब त्यांनी मांडला असता तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी दोन्ही एकदम सुरू केले. शहराचे सांस्कृतिक काम वोल्फगांग श्टाइनेके या तरुण संगीतसमीक्षकाकडे दिले. नाझींनी बारा वर्षे बंदी घातलेले आधुनिक संगीत तरुणांना ऐकवावे आणि शिकवावे, ही कल्पना श्टाइनेके यांनी मांडली आणि महापौरांनी तिला पाठबळ दिले. शहरात धड सभागृह उरले नव्हते, म्हणून 1946 च्या उन्हाळ्यात क्रानिखश्टाइन येथील ड्यूकच्या शिकारी वाड्यात पहिला वर्ग भरला. पुढल्या बारा-पंधरा वर्षांत तिथे मेसियां, बुलेझ, नोनो, श्टोकहाउझेन, जॉन केज हे संगीतकार आले आणि ‘डार्मश्टाट’ हे विसाव्या शतकाच्या संगीतातल्या एका संप्रदायाचे नाव झाले. खायला भाकर नसलेल्या गावाने जगाला गाणे दिले, असे म्हणताना मला अतिशयोक्ती वाटत नाही.

साहित्यातही तेच घडले. कवी-नाटककार गेओर्ग ब्युख्नर याने डार्मश्टाटातच ‘दांतोंचा मृत्यू’ हे नाटक लिहिले. त्याच्या नावाचा पुरस्कार 1923 मध्ये सुरू झाला होता आणि नाझी काळात बंद पडला होता. तो 1945 पासून पुन्हा दिला जाऊ लागला. 1947 चा पुरस्कार आना झेगर्स यांना मिळाला. त्या ज्यू, कम्युनिस्ट आणि मेक्सिकोतल्या वनवासातून नुकत्याच परतलेल्या. राजवटीने ज्यांना हाकलले त्यांनाच गावाने सन्मानाने बोलावले. 1951 पासून हा पुरस्कार जर्मन भाषा व साहित्य अकादमी देते आणि आज तो जर्मन भाषेतला सर्वांत मानाचा साहित्यपुरस्कार मानला जातो. जाहीर चर्चासत्रांची ‘डार्मश्टाटर गेश्प्रेख’ ही मालिकाही 1950 मध्ये, मेट्सगर पदावर असतानाच सुरू झाली. पहिल्या सत्राचा विषय होता, आपल्या काळातली माणसाची प्रतिमा.

सगळेच निर्णय सर्वांना पटले नाहीत. जळालेले जुने गाव पूर्वीसारखे उभारले गेले नाही. गल्लीबोळांच्या जागी रुंद रस्ते आले, बराच भाग तंत्रविद्यापीठाकडे गेला. आजोळची गल्ली नकाशावरही सापडत नाही, ही जुन्या डार्मश्टाटकरांची हळहळ खरी आहे. त्या टंचाईत दुसरे काय जमले असते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

महापौरपद सोडल्यावर 1951 ते 1953 मेट्सगर हेसेनचे शिक्षणमंत्री होते. त्यानंतर 1953 ते 1969 ते बुंडेस्टाग या संघीय संसदेचे सदस्य राहिले. बुंडेस्टागने पाठवलेले प्रतिनिधी म्हणून त्यांनी युरोपीय संसदेतही काम केले. त्यांच्या पक्षाने 1959 मध्ये गोडेसबेर्ग येथे नवा कार्यक्रम स्वीकारला आणि लोकशाही समाजवादाच्या मुळांत ख्रिस्ती नीतीचाही उल्लेख केला. तेव्हा मेट्सगर यांनी तरुणपणी धरलेली वाट पक्षाची अधिकृत वाट झाली. 1980 मध्ये त्यांच्या राजकीय आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘चांगल्या आणि वाईट दिवसांत’ या अर्थाचे आहे. चर्चमधल्या लग्नात वधूवर एकमेकांना जी साथीची शपथ देतात, त्यातले हे शब्द आहेत. आपल्या राजकीय आयुष्याला त्यांनी संसाराचे शब्द वापरावेत, यातच त्यांचा स्वभाव दिसतो.

मराठी वाचकाला या ठिकाणी पुण्याचे वकील गणेश वासुदेव जोशी (1828–1880) आठवतील. 1870 मध्ये सार्वजनिक सभा उभी करून ते ‘सार्वजनिक काका’ झाले. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे वकीलपत्र त्यांनी घेतले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी स्त्रीविचारवती सभेचे काम केले. तिथे घर आणि समाज यांच्यात भिंत नव्हती.

मेट्सगर यांच्या घरातही तेच झाले. त्यांचे पुत्र ग्युन्टर मेट्सगर हेही वकील. ते बुंडेस्टागवर निवडून गेले आणि 1981 ते 1993 डार्मश्टाटचे महापौर होते. वडील वारले तेव्हा त्यांच्या जुन्या खुर्चीवर मुलगाच होता. ग्युन्टर यांच्या सून डागमार मेट्सगर कायद्याच्याच अभ्यासक. 2008 मध्ये त्या डार्मश्टाटातून हेसेनच्या विधानसभेवर निवडून आल्या. डाव्या पक्षाची मदत घेणार नाही असे वचन मतदारांना देऊन त्यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने निवडणूक लढवली होती. निकालानंतर ते वचन मोडायची वेळ आली, तेव्हा पक्षाच्या नेत्या आंद्रेया इप्सिलांटी यांना मत देण्यास डागमार यांनी मार्चमध्येच नकार दिला. नोव्हेंबरमध्ये आणखी तिघे त्यांच्या बाजूला आले, सरकार बनले नाही आणि जानेवारी 2009 मध्ये पुन्हा निवडणूक झाली. स्वपक्षीयांनी त्यांच्यावर कडक टीका केली, पण त्या ठाम राहिल्या. त्यांचा निर्णय राजकीयदृष्ट्या चूक होता असे मानणारे आजही आहेत. दिलेला शब्द पाळला, याबद्दल मात्र वाद नाही.

डार्मश्टाटच्या ‘श्पारकासे’ या बचत बँकेतर्फे शहरात आणि आसपासच्या जिल्ह्यात लोकसेवा करणाऱ्या संस्थांना जो पुरस्कार दिला जातो, त्याला लुडविग मेट्सगर यांचे नाव आहे.