तीन मिनिटांचे खांसाहेब

एकेका रागाला तासभर दिला तरी ज्यांचे गाणे पुरे वाटू नये, त्या अब्दुल करीम खांसाहेबांना तबकडीने दिली अवघी तीन मिनिटे! याला अन्याय म्हणावे की उपकार?

खांसाहेब १८७२ साली उत्तरेतील किराण्यास जन्मले आणि पुढे मिरजेस राहून आपलेच झाले. त्यांच्या पहिल्या तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या. तेव्हा गवयाने कर्ण्यासमोर उभे राहून गायचे आणि आवाजाच्या जोरानेच सुई हलायची. दणदणीत गळ्याचे त्यात साधे. खांसाहेबांचा गळा पडला बारीक नि हळवा. १९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि कुजबूजसुद्धा तबकडीवर उमटू लागली. पुढे साठी उलटलेले खांसाहेब ओडियन कंपनीसाठी पुन्हा गायले. त्या तबकड्यांत झिंझोटीतील ठुमरी आहे, ‘मानापमाना’तले ‘चंद्रिका ही जणू’ आहे आणि त्यागराजांची खरहरप्रियेतील कृतीही आहे. उत्तरेच्या गवयाने मराठी नाट्यपद नि दक्षिणेची कृती सारख्याच मायेने गावी, हे नवलच!

नगर-पुणे रस्त्यावरच्या आमच्या सुप्याला खांसाहेबांची बैठक कुठली मिळायला! पण आजोबांकडे चावीचा फोनो होता. बाजरीची खळी उरकली की शेजारीपाजारी ओसरीवर जमत. झिंझोटी की भैरवी, हे कुणालाच सांगता येत नसे. पण तबकडी थांबली की क्षणभर कुणी बोलत नसे. आजोबा मुकाट्याने पुन्हा चावी देत. माझ्या मते याहून मोठी दाद नाही.

तीन मिनिटांत राग कसा मांडावा, असे जाणकार विचारतील. प्रश्न रास्त आहे. विस्ताराचे वैभव तबकडीत मावले नाही, हे खरेच. पण वेळ थोडा म्हणून पाल्हाळ गळाला आणि पहिल्याच सुराला खांसाहेब काळजाला हात घालू लागले.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळकोइल स्टेशनावर त्यांचे देहावसान झाले. तबकड्या मात्र फिरतच राहिल्या. त्यांची तबकडी ऐकूनच लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याचे वेड लागले आणि पुढे ते खांसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी शिकले. बैठकीचे निमंत्रण मूठभरांना असे. तबकडीने ते घरोघर दिले. म्हणून मी तरी तिला उपकारच म्हणेन.