बिनमचा मठ आणि गावाच्या वाट्याचे चर्च

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्फोक परगण्यात बिनम नावाचे एक खेडे आहे. तेथे शेतांच्या मधोमध एका मध्ययुगीन मठाचे अवशेष आहेत. निम्मे चर्च ढासळलेल्या भिंतींच्या रूपात उघड्यावर पडले आहे, तर उरलेल्या निम्म्यात आजही गावाची प्रार्थना चालते. एकाच वास्तूचे असे दोन निकाल कसे लागले, हे पाहण्यासारखे आहे.

इ. स. 1091च्या सुमारास पीटर द व्हॅलॉन या नॉर्मन सरदाराने हा मठ स्थापन केला. मठ बेनेडिक्ट पंथाचा, सेंट ऑल्बन्सच्या थोरल्या मठाची शाखा. अशा धाकट्या मठाला प्रायरी आणि त्याच्या प्रमुखाला प्रायर म्हणतात. प्रायरला नेमणे किंवा काढणे थोरल्या मठाच्या हाती असे. मूळ गादी आणि शाखा यांचे संबंध आपण आपल्याकडेही पाहतो. तेव्हा पुढे काय झाले असेल याचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. जॉन राजाच्या काळात थॉमस नावाच्या प्रायरला काढण्यात आले, तेव्हा त्याचा मित्र रॉबर्ट फिट्झवॉल्टर याने माणसे आणून मठाला चक्क वेढा घातला. आतल्यांवर कोंड्याची भाकरी खाण्याची आणि पन्हळीचे पाणी पिण्याची पाळी आली. अखेर राजाने फौज धाडली, तेव्हा वेढा उठला.

चौदाव्या शतकातला प्रायर विल्यम द सॉमर्टन याला किमयेचा नाद होता. सोने करण्याच्या खटपटीत त्याने मठातले पूजेचे पेले, भरजरी झगे, अंगठ्या विकल्या आणि मठाला कर्जात बुडवले. रसायनांचा नाद मी माझ्या व्यवसायात पुष्कळ पाहिला आहे, पण इतका महागडा नाही!

याच मठाने एक अपूर्व गोष्टही केली. चर्चच्या पश्चिम दर्शनी भिंतीत भव्य खिडकी आहे. पूर्वी अशा खिडकीसाठी सपाट दगडी फळीला भोके पाडीत. येथे दगडाच्या सडपातळ पट्ट्या जोडून जाळी घडवली आहे. मॅथ्यू पॅरिस या तत्कालीन इतिहासकाराने ही भिंत 1244पूर्वीच्या प्रायरच्या नावे नोंदली आहे. ते खरे असेल तर अशा जाळीच्या इंग्लंडमधल्या अगदी पहिल्या खिडक्यांत हिची गणना करावी लागते. आज ती विटांनी बुजवलेली आहे.

पोपशी संबंध तोडल्यावर आठव्या हेन्रीने देशातले मठ खालसा केले. 1539मध्ये बिनमची पाळी आली, तेव्हा आत सहाच मठवासी उरले होते. जागा राजदरबारातल्या टॉमस पास्टनला मिळाली आणि दगड विकले जाऊ लागले. मात्र चर्चचा पूर्व भाग मठवासीयांचा असला, तरी पश्चिमेचे लांब दालन पहिल्यापासून गावाचे होते. लोक तेथेच बाप्तिस्मा घेत, लग्ने लावीत. म्हणून पूर्वेचा भाग पाडला गेला, आणि मधली आडभिंत उंचावून गावाने आपले दालन बंद करून घेतले. टॉमसचा मुलगा एडवर्ड याने अवशेषांवर घर बांधायला घेतले, तेव्हा भिंत कोसळून एक मजूर ठार झाला आणि बाकीच्यांनी काम सोडले, असे सांगतात. घर शेवटी दुसरीकडेच झाले.

दालनात जुने अष्टकोनी बाप्तिस्मापात्र आहे. त्याच्या सात बाजूंवर सात संस्कार आणि आठवीवर ख्रिस्ताचा बाप्तिस्मा कोरला आहे. पण माझे लक्ष वेधतात त्या लाकडी पडद्याच्या जुन्या फळ्या. त्यांवर पूर्वी संतांची चित्रे होती. प्रतिमा निषिद्ध ठरल्यावर ती पांढऱ्या रंगाने झाकली आणि वर 1539च्या इंग्रजी बायबलमधली वचने काळ्या अक्षरांत लिहिली. पुढे तो पांढरा रंग झिजला. आता ओळींच्या मागून संत दिसू लागले आहेत, आणि एका फळीवर अक्षरांच्या आडून जखमी ख्रिस्त बाहेर पाहतो आहे.