गुलाम याझदानी कोण होते? मशिदी-मकबऱ्यांचा अभ्यासक अजिंठ्याचा राखणदार कसा झाला?

अजिंठ्याची लेणी आज महाराष्ट्रात आहेत. पण शंभर वर्षांपूर्वी हा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. तिथली बौद्ध चित्रं वाचवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली, ते गुलाम याझदानी मुळात इस्लामी वास्तू आणि अरबी-फारसी शिलालेखांचे अभ्यासक होते.

सुरुवात कशी झाली?

याझदानींचा जन्म १८८५ मध्ये दिल्लीत झाला. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खातं सुरू केलं आणि त्याची सूत्रं त्यांच्याकडे दिली. १९४३ पर्यंत ते या खात्याचे प्रमुख होते. याच काळात भारतातल्या अरबी-फारसी शिलालेखांना वाहिलेल्या 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका' या सरकारी नियतकालिकाचं संपादनही त्यांनी केलं. १९२९ मध्ये मध्य प्रदेशातल्या मांडूच्या वास्तूंवर त्यांचं पुस्तक आलं.

अजिंठ्यात काय केलं?

अजिंठ्याच्या भिंतींवरचा रंगीत गिलावा सुटून पडत होता. रॉबर्ट गिल यांनी काढलेल्या चित्रांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनमधल्या आगीत जळाल्या होत्या. जॉन ग्रिफिथ्स यांच्या अनेक प्रतींचंही १८८५ मध्ये तेच झालं. म्हणजे मूळ चित्र गेलं, तर मागे फारसं काही उरणार नव्हतं.

१९२० ते १९२२ दरम्यान निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पक्का केला. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि मूळ रंग झाकोळले. नंतरच्या संवर्धकांना तो थर काढत बसावं लागलं.

याझदानींनी मात्र आणखी एक वाट धरली. हाताने काढलेल्या प्रतींऐवजी फोटोंवर आधारलेले 'अजंठा' हे चार खंड त्यांनी १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध केले. प्रत्येक चित्रात कोणती कथा आहे, हेही त्यात सांगितलं.

बिदरचं काम

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेलं बिदर ही एकेकाळी बहमनी सुलतानांची राजधानी होती. तिथला किल्ला, मकबरे आणि १४७२ मधला महमूद गावानचा मदरसा यांची सविस्तर नोंद त्यांच्या १९४७ च्या पुस्तकात आहे.

हे आज महत्त्वाचं का?

१९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला, १९६२ मध्ये त्यांचं निधन झालं. अजिंठ्याचं एखादं चित्र तेव्हापासून किती झिजलं, हे पाहायचं असेल तर आजही याझदानींचे खंड उघडता येतात. बुद्धाचं चित्र असो की सुलतानाचा मकबरा, नोंद त्यांनी सारख्याच काळजीने केली.