केमोची गोळी आणि तळहात-तळपायांची आग

केमोथेरपी म्हटलं की आपल्याला केस गळणं आणि उलट्या आठवतात. तळहात-तळपायांची आग होईल, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरसाठी दिल्या जाणाऱ्या केपसायटाबीन या गोळीने बऱ्याच जणांना हा त्रास होतो. डॉक्टर त्याला ‘हँड-फूट सिंड्रोम’ म्हणतात.

आधी मुंग्या येतात, मग त्वचा लाल होते, सुजते, सोलते. वाढलं तर फोड आणि भेगा. हा संसर्ग नाही. रुग्णासोबत एका ताटात जेवायला काहीच हरकत नाही.

घरी काय करावं?

- आंघोळीला, वुजूला कोमट किंवा साधं पाणी घ्यावं. त्वचा घासू नये, मऊ कपड्याने टिपावी.
- डॉक्टरांना विचारून युरियाची क्रीम हलक्या हाताने लावावी. फोड किंवा जखमेवर नको.
- भांडी, कपडे, गरम तवा ही कामं घरातल्या इतरांनी उचलावीत.
- सैल चप्पल, सुती मोजे वापरावेत. अनवाणी चालू नये.
- ईद असो वा लग्न, मेहंदी टाळावी. रंगाखाली लाली दिसत नाही आणि काळ्या मेहंदीतल्या केमिकलने त्वचा आणखी भाजते.

दिल्लीच्या एम्समध्ये केपसायटाबीन घेणाऱ्या २६४ रुग्णांवर अभ्यास झाला. डायक्लोफेनॅकचं साधं १ टक्क्याचं जेल दिवसातून दोनदा हाताला लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांना मध्यम किंवा तीव्र त्रास झाला. औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. जेल स्वस्त आहे, तरी डॉक्टरांना विचारूनच लावावं.

पाण्याने इजा होते असं डॉक्टरांनी सांगितलं, तर आजारात तयम्मुमची सवलत आहे. नेमका मसला आपल्या आलिमांना विचारावा.

कधी बोटांचे ठसेही पुसट होतात आणि रेशन दुकानात अंगठा लागत नाही. आधारची ओळख डोळ्यांच्या बुबुळांवरूनही पटते, हे लक्षात ठेवावं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

“इलाज बंद करतील” या भीतीने आपल्या घरातल्या बायका दुखणं लपवतात. काहीजण मनानेच गोळी सोडतात. दोन्ही धोक्याचं. बटण लावताना, चालताना दुखू लागलं किंवा फोड आला, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. ते गोळी थोडे दिवस थांबवतात, गरज पडली तर डोस कमी करतात. त्याचा अर्थ इलाज फसला असा नाही. सब्र जरूर करावा, पण दुखणं सांगितल्याने सब्र मोडत नाही.